झूम नाही, तर नाही!

मी एक जुनी लेन्स आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: मला झूम नाही. कधी नव्हता, आणि कुणी फुकट लावून दिला असता तरी मी तो घेतला नसता. ज्याला लांबची वस्तू जवळ हवी आहे, त्याने उठावं आणि जवळ जावं. पाय कशाला दिलेत?

रागावू नका, मित्रांनो. आत्मवृत्त म्हटलं की तुम्हाला रडगाण्याची सवय असते. मी अमुक, मला फेकलं, मला छळलं, आता माझ्यावर दया करा. ते माझ्याकडून होणार नाही. मी रडत नाही. काचेवर डाग पडतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पंख्यांना बंदी होती, कारण पंखा लागला की धूळ उडते. कामगार डोक्याला फडकी बांधून, श्वाससुद्धा बेतानं घेत काम करायचे. माझी काच घासणारी बाई अंगठ्यानं काचेचा बाक तपासायची. तिचा अंगठा इतका हळवा होता, की दिवसभर काम करून घरी गेल्यावर दुधावरची साय किती जाड आहे हे ती भांड्याला बाहेरून हात लावून सांगायची, असं म्हणतात. म्हणणारी मीच, पण म्हणतात. तिनं मला उजेडात धरून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हिला एकच गोष्ट येईल, पण चोख येईल."

ते वाक्य मी आजही कपाळावर मिरवते. कपाळावर माझा आकडा कोरला आहे: पन्नास. म्हणजे माणूस समोर सरळ पाहतो तेव्हा त्याला जेवढं दिसतं, साधारण तेवढंच मी पाहते. वजनाला मी एवढीशी. खिशात टाकली तर खिशाला कळत नाही. एकदा डोंगरावर असा वारा सुटला, की मी टोपणासकट उडाले आणि एका घारीनं मला चोचीत झेलून परत आणून दिलं. विश्वास बसत नसेल तर घारीला विचारा.

मला घेतलं ते मावशीनं. ती कोणाकोणाची मावशी होती ते मोजत बसायला नको. गल्लीतले, छापखान्यातले, बसचा वाहकसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. कामानं ती फोटोग्राफर. लग्नाबारशाचे फोटो ती काढत नसे. "माणसं हलतात आणि वर सांगतात, मी जाड दिसतेय," असं म्हणायची. ती डोंगर, तळी, घाट, पठारं यांचे फोटो काढायची आणि छापखानेवाले काका ते दरवर्षी कॅलेंडरावर छापायचे.

मावशीजवळ आम्ही तिघी होतो. थोरली पसरी, तिच्या डोळ्यात अख्खं पठार मावायचं. मी मधली. धाकटी लांबडी; तिला पलीकडच्या डोंगरावरचं एकटं झाड तेवढं दिसायचं, पायाखालचा दगड नाही. तिघी मिळून आमचं वजन एका नारळाएवढंही भरत नसे. तिघींना गुंडाळायला मावशीचे जुने लोकरी मोजे. निघताना ती फक्त विचारायची, "आज काय पाहायचंय?" आणि त्याप्रमाणे एकीला किंवा दोघींना उचलायची. तिघींना क्वचितच.

"सगळ्या का नाही नेत?" तिच्या धाकट्या बहिणीनं एकदा विचारलं होतं.

"सगळ्या नेल्या तर मी त्यांनाच पाहात बसेन. डोंगर कोण पाहणार?"

पुढे पसरी एका मित्राकडे उसनी गेली. उसनी गेली ती गेलीच. लांबडी एका ओढ्यात पडली. त्या ओढ्यातला एक मासा आता समुद्रापर्यंतचं पाहतो आणि म्हणूनच कोणाच्या गळाला लागत नाही. राहिले मी एकटी. मग कितीतरी वर्षं मी आणि मावशी, मावशी आणि मी. पुढे चला म्हटलं तर ती पुढे चालायची, मागे म्हटलं तर मागे. झूम तिच्या पायांत होता.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावर आहे.

माझ्या कंबरेला एक फिरती रिंग आहे. ती फिरवली की जवळचं किंवा लांबचं स्पष्ट दिसतं. रिंगच्या अगदी शेवटाला एक आडवा आठ कोरला आहे. त्याचा अर्थ अनंत. म्हणजे नजर जाईल तिथवरचं सगळं. डोंगराचा फोटो काढायचा म्हटलं की मावशी डोळा न लावता रिंग शेवटपर्यंत फिरवायची. टक् आवाज आला, की डोंगर धारदार. अंधुक उजेड असो, बोटं गारठलेली असोत, टक् म्हणजे टक्. तिच्या बोटांना ते वर्षानुवर्षं पाठ झालं होतं.

मग जुना कॅमेरा थकला. नवा आला. नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, माझी मान वेगळी. म्हणून मध्ये एक कडी आली. तिला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. या कड्या मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे लेन्सला लांबचं दिसण्यात अडचण नको. हेतू चांगला. पण झालं काय, की माझा शेवट आता अनंताच्या जरासा पुढे गेला. आडव्या आठाच्या थोडं अलीकडे थांबलं तर डोंगर स्पष्ट. टक् होईपर्यंत गेलं तर सगळंच धूसर.

हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मी ओरडले. पण लेन्सचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

मावशी पहाटे डोंगरावर गेली, उजेड कमी म्हणून तिनं माझी पापणी, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, पूर्ण उघडली, आणि सवयीनं रिंग फिरवली. टक्. मागच्या छोट्या पडद्यावर चित्र ठीक दिसलं; एवढ्याशा पडद्यावर सगळंच ठीक दिसतं. मावशीनं एकामागून एक फोटो काढले आणि थेट छापखान्यात दिले.

छापखानेवाले काका सज्जन माणूस. त्यांनी फोटो मोठे करून टेबलावर पसरले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मावशी, डोंगर जरा... मऊ आलेत."

"मऊ? डोंगर काय लोणी आहे का?"

"तसं नाही. म्हणजे धार नाही. धुकं होतं का?"

"धुकं नव्हतं." मावशी वाकून पाहात राहिली. फोटोवर बोट ठेवून तिनं कडा शोधली, सापडली नाही. "धुकं नव्हतं हो काका."

काका चाचरत म्हणाले, "होतं असं. वयानं हात थोडा हलतो."

मित्रांनो, तेव्हा मला राग आला तो अजून उतरलेला नाही. हात हलला नव्हता! मी त्या हातात होते, मला ठाऊक आहे. दगडासारखा हात होता. आणि डोळे? त्या डोळ्यांनी तिनं पलीकडच्या धारेवरचा पांढरा बकरा पांढऱ्या दगडातून निवडला होता. पण कोणी मला विचारलं का?

मावशी घरी आली. दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. फोटो तसेच मऊ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, वयाच्या मानानं छान आहेत. त्यातला ‘वयाच्या मानानं’ एवढाच भाग तिनं ऐकला.

"ताई, आता पुरे," धाकटी बहीण म्हणाली. "किती वर्षं चढलीस. घरी बस, माझ्याशी भांड."

"तुझ्याशी भांडायला डोळे लागत नाहीत, ते मी करीनच."

हसत म्हणाली, पण डोंगरावर जायचे बूट तिनं फडक्यानं पुसून भाचीला देऊन टाकले. "तुझ्या पायाला येतील. मला आता कुठे लागतायत." ते ऐकून माझ्या सगळ्या काचा एकमेकींवर आदळल्या असत्या, पण घासणाऱ्या बाईनं त्या पक्क्या बसवल्या होत्या.

मला खिडकीत ठेवलं. धाकटी बहीण मला उलटी धरून सुईत दोरा ओवायची. दोरा ओवून झाला की माझ्याखाली विजेचं बिल दाबून ठेवायची. डोंगर पाहिलेल्या डोळ्याला विजेचं बिल! तरी मी रडले नाही. मी ते बिल वाचलं आणि त्यातला पत्ता पाठ केला, वेळ आली तर पळून गेल्यावर परत कुठे यायचं नाही हे ठाऊक असावं म्हणून.

कॅलेंडराचं काम आता भाचीकडे गेलं, आणि त्याबरोबर मावशीचा नवा कॅमेराही. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी; हुशार, मेहनती, पण तिला एक आजार होता. त्याचं नाव ‘लागलं तर’. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं बैठकीच्या खोलीत सामान मांडलं तेव्हा बसायला जागा उरली नाही.

"हे काय काय?" मावशीनं विचारलं.

"हा मोठा झूम. हा छोटा झूम, मोठा बिघडला तर. हा दुसरा कॅमेरा, लागलं तर. तिपाई. दुसरी तिपाई."

"दुसरी कशाला?"

"लागली तर."

"आणि पाणी?"

"अगं हो! पाणी राहिलं."

मोठा झूम माझ्याशेजारी खिडकीत टेकला होता. अंगानं पैलवान, आवाजही तसाच.

"मी चोवीस ते दोनशे," तो म्हणाला. "तू?"

"पन्नास."

"पन्नास ते किती?"

"पन्नास ते पन्नास."

तो इतका हसला की त्याची नळी बाहेर आली. मी म्हटलं, "हस बाबा. उद्या खांद्यावर बसून जाशील. मी चालणाऱ्याबरोबर चालते." पण खरं सांगते, मी तर जाणारच नव्हते. मी बिलावर बसले होते.

जायचं होतं एका खिंडीत. खिंडीच्या माथ्यावरून खाली तळं दिसतं आणि सकाळी थोडा वेळ समोरच्या सुळक्यावर असा उजेड पडतो, की सुळका पेटल्यासारखा दिसतो. छापखानेवाल्या काकांना पहिल्या पानासाठी तोच फोटो हवा होता आणि त्यांचं छपाईचं यंत्र त्याचसाठी थांबलं होतं. भाचीनं मावशीला गळ घातली. "तू नुसती सोबत ये. वाट तुला माहीत आहे. निम्म्यात झोपडी आहे तिथे थांब."

"म्हणजे मी थर्मास सांभाळणारी."

"मावशी, असं नको ना बोलू."

"बोलले. येते."

सकाळी मावशीनं तिचा जुना जाड कोट चढवला. खिडकीपाशी आली, बिल सरळ केलं आणि जाता जाता मला उचलून खिशात टाकलं. का? सवय. तिचा हातच तसा होता; कोट घातला की तो मला शोधायचा.

त्या खिशाविषयी सांगायलाच हवं. मावशी त्या कोटात समुद्रावर, नदीवर, वाळवंटात फिरली होती आणि खिसा तिनं कधी उलटा केला नव्हता. त्यात वाळूचा एक छोटासा किनारा तयार झाला होता. लेन्सला वाळू म्हणजे काळ, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी त्या वाळूत पडल्या पडल्या विचार केला आणि एक कण निवडला. चांगला टोकदार, टणक. आणि मी तो गिळला. हो, मुद्दाम. रिंगच्या फटीतून आत घेतला आणि आट्यांच्या शेवटाला दाताखाली धरून ठेवला. कोणी म्हणेल तो योगायोगानं गेला. म्हणू देत. तोंड माझं, घास माझा.

झोपडीपर्यंत भाची कशीबशी आली. तिथून पुढे चढ उभा आहे. थोडं चढली, आणि पिशवीसकट मटकन खाली बसली. पिशवीनं तिला मागे ओढलं, ती उताणी झाली. पाठीवर पडलेल्या कासवासारखे हातपाय हलायला लागले.

"मावशी, नाही होत. खांदे गेले माझे."

"पिशवी ठेव इथे. कॅमेरा घे आणि चल."

"पाय पण गेलेत." तिला रडू आलं. "उजेड निघून जाईल. काकांना काय सांगू? आता वेळ नाही."

मावशीनं वर पाहिलं. सुळक्याच्या टोकाला तांबूस रंग चढायला लागला होता. मग तिनं स्वतःच्या पायांतल्या कापडी चपट्या जोड्याकडे पाहिलं.

"बूट काढ."

"काय?"

"माझे बूट. दे परत. तू बसणार आहेस ना? बसायला बूट लागत नाहीत."

"मावशी, अगं तुझे डोळे..."

"डोळ्यांनी चढत नाहीत. काढ."

भाचीनं भराभर नाड्या सोडल्या. मावशीनं बूट चढवले. भाचीनं कॅमेरा पुढे केला, त्यावर पैलवान बसवलेला. मावशीनं तो हातात घेतला आणि मनगट खाली गेलं. "हा काय कॅमेरा आहे की पाटा? उतरव याला." पैलवानाला उतरवून भाचीच्या मांडीवर ठेवलं. मग हात खिशात गेला. तिथे मी होते, आणि माझ्या मानेला अजून ती कडी होती.

भाची हळूच म्हणाली, "ती... ती मऊ आहे ना गं?"

"असू दे. काहीच नसण्यापेक्षा मऊ बरं."

मऊ! मी दात आणखी घट्ट आवळले.

मावशी चढली. कशी चढली म्हणाल, तर वाटेत भेटलेला एक ससा बाजूला झाला आणि त्यानं तिला आधी जाऊ दिलं. माथ्यावर पोचली तेव्हा धाप लागली होती, पण ती बसली नाही. सुळका पेटला होता. तिनं माझी पापणी पूर्ण उघडली आणि बोटांनी रिंग फिरवली. सवयीनं. शेवटपर्यंत.

कर्रर्र.

टक् झालंच नाही. रिंग आडव्या आठाच्या अलीकडे अडकली.

"फिर ना," मावशी म्हणाली. जोर लावला. मी हलले नाही. "अगं भवाने, आजच? आजच हट्ट करायचा होता?" तिनं आणखी जोर लावला. वाळूचा कण कुरकुरला, माझे आटे दुखावले, पण सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही.

उजेड चालला होता. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं असेल. "ठीक आहे," ती म्हणाली, "तू पण गेलीस, मी पण गेले. जाताना एक काढू." आणि तिनं श्वास रोखून बटण दाबलं. मग दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा. मग खाली बसून. सुळका विझेपर्यंत.

खाली आली तेव्हा तिनं कॅमेरा भाचीच्या हातात दिला आणि दगडावर बसून बूट सोडायला लागली. भाचीनं डोक्यावर जाकीट ओढून त्याच्या सावलीत पडद्यावर फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

"मावशी."

"सांगू नकोस. मला माहीत आहे."

"मावशी, तळ्याच्या पलीकडे एक खोपटं आहे?"

"आहे. मेंढपाळाचं."

"त्याच्या दारावर दोरी टांगलीय."

मावशीचा हात नाडीवर थांबला. "दोरी तुला कशी दिसली?"

"दोरीला गाठ पण आहे."

मावशी एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशी लंगडत आली. पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मला पाहिलं. रिंगवरून बोट फिरवलं, आडव्या आठापर्यंत नेलं, ती खूण आणि माझं थांबणं यांतलं अंतर नखानं चाचपलं. मग कॅमेऱ्यावरून मला सोडवून ती कडी उजेडात धरली.

मित्रांनो, त्या बाईची बोटं हुशार होती, पण डोकं त्याहून हुशार होतं. फक्त आजवर तिनं त्याला विचारलंच नव्हतं, कारण बोटांना सगळं पाठ होतं.

"पोरी," ती सावकाश म्हणाली, "ही शेवटपर्यंत फिरली नाही म्हणून धार आली. या कडीमुळे हिचा शेवट पुढे सरकलाय. आणि मी गधडी दर वेळी शेवट गाठत होते."

"म्हणजे डोळे..."

"डोळ्यांना काय धाड भरलीय! हातांना पण नाही!" आणि ती अशी हसली, की खालच्या झोपडीतला माणूस काठी घेऊन बाहेर आला. त्याला वाटलं, वर काहीतरी कोसळलं.

भाची म्हणाली, "बूट परत देतेस ना? मला खाली उतरायचंय."

"कापडी घाल. आणि ती पोतडी मी नाही हं उचलणार. तुझं ‘लागलं तर’ तू ने."

उतरताना पैलवान गप्प होता. त्याला मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. भाची वाटभर त्यालाच शिव्या देत होती.

कॅलेंडराचं पहिलं पान छापून झालं तेव्हा काकांनी ते भिंतीला लावलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मावशी, हात वयाच्या मानानं..."

"पुढचं बोलू नका," मावशी म्हणाली, "चहा सांगा."

काही दिवसांनी भाची मला आणि मावशीला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं मला कानाशी धरून फिरवलं. "आत वाळू आहे. काढून देतो, तेल घालतो, नव्यासारखी होईल."

मावशीनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "हिला काही झालेलं नाही. राहू द्या."

तो कण अजून माझ्या दाताखाली आहे. मावशी रिंग फिरवते, कर्रर्र होतं, आणि आम्ही दोघी थांबतो. भाचीच्या पिशवीतली दुसरी तिपाई आता बाल्कनीत कपडे वाळत घालायला वापरतात. तिनं स्वतःचे बूट घेतले, आणि एक छोटीशी, झूम नसलेली लेन्सही. पस्तीस. पस्तीस ते पस्तीस. माझ्यापेक्षा जरा रुंद पाहते, पण अजून लहान आहे, बढाया मारायला मी शिकवीन.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हणायचं असतं, मला जपा, मला मऊ फडक्यात ठेवा. मी म्हणणार नाही. फडक्यात ठेवाल तर मी फडकंच पाहीन. आणि तुमचे फोटो धूसर आले, तर आपल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी मधली कडी तपासा. तेवढं केलंत तरी माझ्यावर उपकार होतील, आणि मी ते मानणार नाही.

आता पुरे. मावशीनं कोट चढवला आहे, खिसा उघडा आहे, आणि दाराशी बुटांचा आवाज येतोय.